काचेची टोपली

गावच्या बाजारात गारुडी दिसणे ही एके काळी नेहमीची गोष्ट होती. वेताची गोल टोपली, झाकण सरकताच फणा काढून उभा राहणारा नाग, पुंगी आणि भोवती पोरांचे कडे. त्या नागाचे विषदंत बहुधा उपटलेले असत, कधी तोंडही शिवलेले असे. नाग सुरावर डोलत नाही, तो हलणाऱ्या पुंगीवर नजर ठेवून असतो. दूध हे त्याचे अन्नच नव्हे, हे लोकांना पटवण्यात सर्पमित्रांची एक पिढी खर्ची पडली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि या प्रबोधनाने ती टोपली रस्त्यावरून जवळजवळ नाहीशी केली.

साप मात्र पुन्हा माणसाच्या ताब्यात आला आहे. या वेळी तो रस्त्यावर नाही, शहरातल्या फ्लॅटमध्ये, काचेच्या पेटीत आहे. तो नागही नाही. आफ्रिकेतला बॉल पायथन किंवा अमेरिकेतला कॉर्न स्नेक आहे. त्याचा मालक त्याचे दात काढत नाही. उलट त्याला नाव ठेवतो, त्याचे फोटो काढतो, त्याच्यासाठी भरपूर पैसे मोजतो. गारुड्याच्या आणि त्याच्या हेतूत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण सापाच्या शरीराला हेतू कळत नाही. त्याला कळते ते तापमान, ओलावा आणि अडोसा. या तीन गोष्टी नसतील, तर ती पेटी म्हणजे काचेची टोपलीच ठरते.

म्हणून ‘साप पाळावा का?’ या वादाच्या आधी ‘त्याला ठेवणार कशात?’ हा प्रश्न यायला हवा. ज्याच्याकडे याचे नीट उत्तर नाही त्याने साप घेऊ नये, आणि सरकारनेही कागदाबरोबर पेटीचीही चौकशी करायला हवी.

आधी कायद्याचे

नाग, घोणस, धामण, अजगर, मांडूळ यांपैकी कोणताही देशी साप घरात बाळगणे हा गुन्हा आहे. ‘जखमी होता म्हणून ठेवून घेतला’ ही सबब चालत नाही. असा साप वनविभागाकडे द्यावा लागतो. त्यामुळे कायद्याच्या चौकटीत राहून पाळायचा म्हटले तर उरतात ते विदेशी साप. त्यांतही बॉल पायथन हा ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे त्याच्या व्यापारावर परवान्यांचे बंधन आहे. केंद्र सरकारने २०२० मध्ये अशा विदेशी प्राण्यांच्या मालकांना स्वेच्छेने माहिती देण्याची संधी दिली. पुढे २०२२ च्या दुरुस्तीने साइट्सच्या यादीतल्या प्राण्यांची नोंदणी कायद्यातच आणली, आणि २०२४ च्या नियमांनुसार ती ‘परिवेश’ या सरकारी पोर्टलवर करावी लागते. कॉर्न स्नेक साइट्सच्या यादीत नाही. पण तोही परवानगीशिवाय परदेशातून आणता येत नाही.

तरीही चोरटी आयात चालतेच. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किटांच्या आणि केकच्या पाकिटांत लपवलेले ११ साप सापडले. त्यांत बॉल पायथन होते आणि कॉर्न स्नेकही. बिस्किटाच्या पाकिटात कोंबून आणलेला साप विकत घेणारा माणूस, नंतर त्याला कितीही चांगली पेटी देवो, त्या पाकिटाचाही वाटेकरी असतो. म्हणून पेटीचा विचार सुरू होतो तो सापाच्या कागदपत्रांपासून: तो कुठून आला, कैदेत जन्मला की रानातून धरला, आणि त्याचा पुरावा काय.

पेटी हेच सापाचे अर्धे शरीर

माणूस बाहेर दहा अंश असो की चाळीस, आपले शरीर ३७ अंशांच्या आसपास राखतो. सापाला हे जमत नाही. त्याच्या शरीराला लागणारी उष्णता बाहेरून घ्यावी लागते. रानात तो ऊन खातो, तापलेल्या दगडावर पडतो, ऊन जास्त झाले की बिळात शिरतो. दिवसभर जागा बदलत राहणे हीच त्याची तापमान सांभाळण्याची रीत. अन्न पचणे, रोगाशी लढणे, कात टाकणे ही सगळी कामे या उष्णतेवर अवलंबून असतात. गार पेटीत ठेवलेल्या सापाने उंदीर गिळला तर तो नीट पचत नाही आणि बरेचदा उलटून पडतो.

पेटीत घातलेल्या सापाचे जागा बदलण्याचे स्वातंत्र्य माणसाने काढून घेतलेले असते. ते परत द्यायचे असेल तर एकाच पेटीत दोन हवामाने तयार करावी लागतात. बॉल पायथनसाठी एका टोकाला शेकण्याची जागा ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि दुसरे टोक २५ ते २७ अंश, असा साधारण दंडक आहे. कॉर्न स्नेकला थोडे कमी चालते: उबदार बाजू २८ ते ३१ आणि गार बाजू २२ ते २५. सापाने कुठे बसायचे हे सापाने ठरवायचे. पेटी सगळीकडून सारखीच गरम असेल तर त्याला निवड उरत नाही, आणि सगळीकडून सारखीच गार असेल तर तो हळूहळू आजारी पडतो. छातीत संसर्ग होतो, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येतो, तोंडाशी फेस दिसतो, साप तोंड उघडे ठेवून श्वास घेऊ लागतो. तोवर मालकाला तो ‘शांत’ वाटत असतो. साप ओरडत नाही, लंगडत नाही, त्यामुळे त्याचे दुखणे उशिरा कळते. त्याच्या वतीने बोलायला पेटीतला तापमापक हवा.

इथेच परदेशी व्हिडिओ पाहून केलेली तयारी फसते. ब्रिटन-अमेरिकेतल्या सूचना बंद, गरम केलेल्या घरांसाठी असतात. महाराष्ट्रात एकाच राज्यात तीन वेगळी हवामाने आहेत. पुण्यात थंडीतल्या काही रात्री पारा दहा अंशांच्या खाली जातो. तिथे उष्णतेची सोय नसेल तर बॉल पायथनचे हाल होतात. नागपुरात मे महिन्यात तो ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो. तिथे प्रश्न गरम करण्याचा नसून गार ठेवण्याचा असतो, कारण ३५ अंशांच्या वर गेलेल्या बंद पेटीत सापाला जायला जागाच नसते. मुंबईत थंडी-उन्हाळ्याचा ताण कमी, पण बेडरूममधला एसी रात्रभर २२ अंशांवर चालत असेल तर त्याच खोलीतल्या सापासाठी ती रोजची हिवाळी रात्र असते. दुकानदाराने दिलेला एकच ‘सेट’ तिन्ही शहरांत चालू शकत नाही.

बल्ब पुरेसा नाही

उष्णता देण्याची साधने तीन-चार प्रकारची मिळतात: पेटीखाली लावायची हीट मॅट, प्रकाश न देता उष्णता देणारा सिरॅमिक हीटर, आणि साधा तापणारा बल्ब. यांपैकी काहीही वापरले तरी त्याला थर्मोस्टॅट जोडलेला नसेल तर ते साधन धोकादायक आहे. थर्मोस्टॅट म्हणजे ठरलेले तापमान आले की वीज तोडणारे आणि कमी झाले की पुन्हा जोडणारे यंत्र. इस्त्रीत असते, फ्रिजमध्ये असते. सापाच्या पेटीत मात्र बरेच हौशी लोक तो ‘नंतर घेऊ’ म्हणून टाळतात.

त्याची किंमत साप मोजतो. विदेशी प्राणी तपासणाऱ्या पशुवैद्यांकडे येणाऱ्या सापांत भाजलेले साप ही ओळखीची बाब आहे. पोटाखालची जागा हळूहळू तापत गेली तर साप वेळेत हलेलच असे नाही. तो तिथेच पडून राहतो आणि पोटाचे खवले भाजून निघतात. तापणारे कृत्रिम दगड, म्हणजे ‘हॉट रॉक’, यासाठी बदनाम आहेत. पेटीच्या आत उघडा बल्ब लावला तर साप त्यालाच विळखा घालतो. म्हणून उष्णतेचे साधन बाहेर किंवा जाळीच्या आड, थर्मोस्टॅटचा संवेदक साप जिथे शेकतो तिथे, आणि दोन्ही टोकांना वेगळा डिजिटल तापमापक. काचेवर चिकटवायचे गोल काट्याचे तापमापक पेटीतली हवा सांगतात, तीही नेमकी नाही. साप ज्यावर पोट टेकवतो ती जागा किती तापली आहे हे त्यातून कळत नाही.

वीज जाण्याचाही विचार हवा. पुण्याच्या थंडीत तासाभरासाठी वीज गेली तर फारसे बिघडत नाही. पेटीवर जाड चादर टाकली की पुरते. पण मालक दोन दिवस गावाला गेलेला असताना वीज गेली तर काय, याचे उत्तर साप घेण्याआधी तयार असायला हवे. विजेची वायर, प्लग आणि पाण्याचे भांडे एकमेकांपासून लांब ठेवणे हे सांगायची गरज पडू नये. पण छोट्या पेटीत ते नेमके जवळ येतात.

लपायला जागा, पसरायला जागा

बॉल पायथन हे नाव त्याच्या सवयीवरून पडले. भीती वाटली की तो अंगाचा चेंडू करतो आणि डोके मध्ये दडवतो. रानात तो दिवसाचा बराच वेळ उंदरा-घुशींच्या बिळांत किंवा वाळवीच्या वारुळांत काढतो. असा प्राणी दिवाणखान्याच्या मध्यभागी, चारही बाजूंनी पारदर्शक काचेत, टीव्हीसमोर ठेवणे म्हणजे त्याला सतत भीतीत ठेवणे. पाहुण्यांना तो दिसावा ही मालकाची गरज आहे, सापाची नाही.

म्हणून पेटीत लपायच्या दोन जागा लागतात, एक उबदार टोकाला आणि एक गार टोकाला. एकच ठेवली तर साप उब आणि सुरक्षितता यांत सुरक्षितता निवडतो आणि गारठत बसतो. ही जागा महागडी असायची गरज नाही. पालथे घातलेले मातीचे मडके, त्याला सापाच्या अंगाबेताचे भोक आणि त्या भोकाच्या कडा घासून गुळगुळीत केलेल्या, एवढे पुरते. पेटीच्या तीन बाजू झाकलेल्या आणि फक्त समोरची काच उघडी असेल तर आणखी बरे. अन्न घेईनासा झालेला बॉल पायथन हा नव्या मालकांचा नेहमीचा घोर असतो. अशा वेळी औषधाच्या आधी तापमान आणि लपायची जागा तपासायची असते.

पेटीच्या आकारावर हौशी लोकांत मोठा वाद आहे. ‘सापाला मोठी जागा दिली की तो घाबरतो’ असे सांगून प्लास्टिकच्या कपड्यांच्या डब्याएवढ्या जागेत आयुष्यभर साप ठेवणारे लोक जगभर आहेत. यात अर्धे सत्य आहे: मोठी पण रिकामी पेटी सापाला घाबरवते. पण उपाय पेटी लहान करणे नाही, ती भरणे आहे. फांद्या, सालींचे तुकडे, पानांचा पाचोळा, आडोसे घातले की मोठी पेटीही सापाला घरासारखी वाटते. मोकळी जागा मिळाली तर साप अंग सरळ लांब करून पडतात, चढतात, फिरतात. पूर्ण वाढलेला बॉल पायथन सुमारे एक ते दीड मीटरचा असतो; त्याला अंग सरळ करता येईल एवढी लांबी, म्हणजे किमान चार फूट लांब आणि दोन फूट रुंद पेटी, ही चैन नव्हे, गरज आहे.

ओलावा, तळ आणि पाऊस

सापाच्या डोळ्यांना पापण्या नसतात. त्यांवर पारदर्शक खवला असतो आणि कात टाकताना तोही निघतो. हवा कोरडी असेल तर कात अखंड न निघता तुकड्यांनी अडकते, डोळ्यावरचा खवला तसाच राहतो, शेपटीच्या टोकाला कातेचे कडे बसून रक्त थांबते. बॉल पायथनला साधारण ५५ ते ७० टक्के आर्द्रता लागते. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी ती वीस टक्क्यांच्या आसपास उतरते, तर मुंबईच्या जुलैमध्ये दिवसचे दिवस ऐंशीच्या वर असते. पहिल्या ठिकाणी पाण्याचे भांडे मोठे हवे आणि लपायच्या एका जागेत ओलसर शेवाळ हवे; दुसऱ्या ठिकाणी हवा खेळती हवी, कारण ओल्या, कोंदट तळावर पडून राहिलेल्या सापाच्या पोटाचे खवले सडू लागतात.

तळात काय घालायचे याचे उत्तर कोकणाजवळच आहे: नारळाच्या काथ्याचा भुसा. तो ओलावा धरतो आणि बदलायलाही सोपा. नवा साप आणला की पहिले काही आठवडे मात्र साधे वर्तमानपत्र अंथरावे. त्यावर विष्ठा दिसते, गोचिडीसारखे बारीक कीटक दिसतात, आणि आजाराची खूण लवकर सापडते. देवदार किंवा पाइनचा सुगंधी भुसा टाळावा. त्यातली तेले सापांना अपायकारक असतात. घरात दुसरा साप असेल तर नवा साप वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांसह काही महिने ठेवावा. पायथन आणि बोआ सापांत पसरणारा एक विषाणुजन्य आजार असा आहे की त्यावर औषध नाही आणि सुरुवातीला साप धडधाकट दिसतो.

झाकणावर कुलूप

साप पेटीतून निसटणे ही विनोदाची गोष्ट नाही. ऑगस्ट २०१३ मध्ये कॅनडातल्या कॅम्पबेल्टन या गावी एका घरातल्या पेटीतून आफ्रिकी रॉक पायथन हवेच्या पाइपात शिरला, छतातून खाली पडला आणि त्या खोलीत झोपलेली चार आणि सहा वर्षांची दोन भावंडे मरण पावली. मालकावर खटला चालला. २०१६ मध्ये ज्युरीने त्याला निर्दोष ठरवले. मुले मात्र परत आली नाहीत. तो साप बॉल पायथनच्या कितीतरी पट मोठा होता, आणि बॉल पायथनने माणूस मारण्याची भीती नाही. धडा सापाच्या आकाराचा नाही, झरोक्याचा आहे. पेटीत एखादे भोक सापाच्या डोक्याएवढे असेल तर बहुधा त्याचे बाकीचे अंगही त्यातून जाते. वर ठेवलेले झाकण आणि त्यावर दोन पुस्तके हा बंदोबस्त नव्हे. समोरून सरकणाऱ्या काचेला कुलूप, झरोक्यांना बारीक, घट्ट बसवलेली जाळी, वायर जिथून आत येते त्या भोकाला बूच, एवढे किमान हवे.

महाराष्ट्रात याला आणखी एक कंगोरा आहे. अंगावर तपकिरी ठिपके आणि जाडसर शरीर असलेला बॉल पायथन सोसायटीच्या जिन्यात दिसला तर लोक त्याला घोणस समजून काठीने ठेचतील. आणि याच्या उलटही होऊ शकते. ‘अरे, तो वरच्या मजल्यावरचा पाळलेला साप असेल’ म्हणून कुणी खऱ्या घोणसीला हात लावला तर त्याची किंमत जिवाने मोजावी लागेल. घोणस हा भारतातल्या सर्वांत जीवघेण्या सापांपैकी एक आहे. म्हणून ज्या इमारतीत साप पाळलेला आहे तिथल्या शेजाऱ्यांना ते ठाऊक असणे हा त्यांचा हक्क आहे, आणि साप निसटला तर लाज न बाळगता लगेच सांगणे हे मालकाचे कर्तव्य.

स्वयंपाकघराबाहेर

आरोग्याच्या दृष्टीने सर्वांत दुर्लक्षित धोका दाताचा नाही, जंतूंचा आहे. साप, कासव, पाली यांच्या आतड्यांत साल्मोनेला हे जंतू असू शकतात आणि साप निरोगी दिसत असतानाही विष्ठेतून ते बाहेर पडतात. माणसाच्या पोटात ते गेले की जुलाब, ताप, पोटदुखी. लहान बाळांत आणि वृद्धांत ते रक्तातही पसरू शकतात. म्हणूनच अमेरिकेतली सीडीसी ही आरोग्य यंत्रणा पाच वर्षांखालील मुले, ६५ वर्षांवरील माणसे आणि रोगप्रतिकारशक्ती कमी झालेले रुग्ण यांनी सरपटणाऱ्या प्राण्यांपासून लांब राहावे असे सांगते.

आपल्याकडच्या घरात हे तिन्ही प्रकारचे लोक एका छताखाली असतात: आजी, नातू आणि कधी मधुमेह किंवा कर्करोगाचे उपचार चालू असलेले कुणी. अशा घरात साप आणायचाच असेल तर पेटी कुठे ठेवायची हा वैद्यकीय प्रश्न होतो. स्वयंपाकघरात नको, जेवणाच्या टेबलाजवळ नको, बाळ रांगते त्या खोलीत नको. पाण्याचे भांडे सिंकमध्ये धुवायचे नाही. त्यासाठी वेगळे घमेले. खायला द्यायचे गोठवलेले उंदीर घरच्या फ्रीजरमध्ये मटारांशेजारी ठेवायचे नाहीत, कारण तेच जंतू उंदरांतही असतात. जिवंत उंदीर पेटीत सोडणेही शहाणपणाचे नाही. न खाल्लेला उंदीर सापालाच कुरतडतो. आणि साप हाताळला की, गळ्यात घेऊन फोटो काढला की, साबणाने हात धुवायचे. गळ्यातला साप चेहऱ्याजवळ नेऊन मुलांनी फोटो काढणे तर पूर्ण बंद व्हायला हवे.

पंचवीस वर्षांचा करार

पेटीतला सगळ्यात मोठा आणि न दिसणारा घटक म्हणजे काळ. बॉल पायथन नीट सांभाळला तर वीस-तीस वर्षे सहज जगतो. अमेरिकेतल्या सेंट लुईस प्राणिसंग्रहालयात १९६१ मध्ये आलेल्या एका बॉल पायथनच्या मादीने २०२० मध्ये, वयाच्या किमान साठीनंतर, अंडी घातली, तीही कित्येक वर्षे नराचा सहवास नसताना. कॉलेजात हौस म्हणून घेतलेला साप मालकाच्या नोकरी, लग्न, बदली, मुले या सगळ्यांतून त्याच्याबरोबर जाणार असतो. तोवर थर्मोस्टॅट दोनदा बदलावा लागेल आणि घर तीनदा.

कंटाळा आला की मग काय? सोडून द्यायचा? हे सर्वांत वाईट उत्तर आहे. अमेरिकेत फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्स पाणथळीत पाळीव व्यापारातून आलेले बर्मीज पायथन सुटले किंवा सोडले गेले. १९९२ च्या अँड्र्यू चक्रीवादळात सापांची पैदास करणारे एक केंद्र उद्‌ध्वस्त झाले, त्यातूनही भर पडल्याचे मानले जाते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तिथल्या रस्त्यांवर दिसणाऱ्या रॅकूनची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटल्याचे आढळले. बॉल पायथन महाराष्ट्राच्या जंगलात तग धरेल की नाही हा भाग वेगळा. पण तो सोबत नेईल ते परजीवी आणि जंतू आपल्या देशी सापांसाठी अनोळखी असतील.

कागद विचारा, पेटीही विचारा

प्राणिप्रेमींतला एक मोठा वर्ग म्हणतो की साप पाळूच नये, पेटी कितीही चांगली असली तरी ती पेटीच. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि नव्याने साप घ्यायला निघालेल्या तरुणाला हाच सल्ला द्यावा. पण जे साप आज घरांत आहेत त्यांचे काय? ते आफ्रिकेत परत जाणार नाहीत, इथल्या रानात सोडता येणार नाहीत. त्यांच्यासाठी ‘पाळू नये’ हे वाक्य उशिरा आले आहे. त्यांच्या वाट्याला उरते ती पेटी, आणि ती चांगली करणे एवढेच माणसाच्या हातात आहे.

कायद्याला हे अगदी ठाऊक नाही असे नाही. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यात ‘प्राणी’ म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव, आणि हालचालीला पुरेशी लांबी-रुंदी-उंची नसलेल्या पिंजऱ्यात प्राणी ठेवणे हा त्यात गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र दहा ते पन्नास रुपये. एवढ्यात आज थर्मोस्टॅटची वायरही येत नाही. २०१८ चे पेट शॉपचे नियम कुत्रा, मांजर, ससा, उंदरांच्या जाती आणि पिंजऱ्यातले पक्षी यांची काळजी घेतात. साप त्या व्याख्येत नाही. ब्रिटनच्या २००६ च्या कायद्यात पाळीव प्राण्याला योग्य परिसर देणे हे मालकाचे कर्तव्य मानले आहे, मग तो कुत्रा असो वा साप.

इथे फार मोठे काही करावे लागणार नाही. नोंदणीच्या वेळी सापाच्या कागदाबरोबर पेटीचे मोजमाप, तिचा फोटो आणि थर्मोस्टॅट आहे की नाही हे विचारता येईल. जातीनुसार पेटीचा किमान आकार आणि तापमान यांचा एक पानाचा तक्ता मराठीत काढता येईल आणि विक्रेत्याने तो ग्राहकाला देणे सक्तीचे करता येईल. साप सांभाळता येईनासा झाला तर तो शिक्षेच्या भीतीशिवाय आणून देता येईल अशी जागा प्रत्येक विभागात एक तरी ठेवता येईल. आज अशा मालकापुढे दोनच वाटा दिसतात: साप लपवणे किंवा रात्री टेकडीवर नेऊन सोडणे.

तोवर एक साधी कसोटी प्रत्येक हौशी माणसाला स्वतःपुरती लावता येते. आधी पेटी आणावी. ती महिनाभर रिकामी चालवावी. दोन्ही टोकांचे तापमान आणि आर्द्रता रोज सकाळ-संध्याकाळ वहीत लिहावी. एक थंड रात्र, एक गरम दुपार आणि एकदा गेलेली वीज यांतून ती कशी निभावते ते पाहावे. त्या महिन्यात वही लिहायचा कंटाळा आला, तर साप आणू नये. रिकाम्या पेटीने फार तर पैसे वाया जातात. भरलेल्या पेटीत एक मुका जीव असतो, आणि त्याला झाकण उघडून बाहेर पडता येत नाही.